शेवटच्या तीन महिन्यांत व्हिटॅमिनच्या गोळ्या: कुठली, कधी, किती, आणि कुठली नको

सातवा लागला, डोहाळजेवण झालं की पहिलटकरीण लेक माहेरी कोल्हापूरला येते, कुणी पुण्याहून, कुणी मुंबईहून, कुणी बंगळुरूहून. बॅगेत तिकडच्या डॉक्टरांच्या गोळ्या असतात, इथं राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत कुठंतरी दवाखान्यात नाव घातलं की नवी चिठ्ठी मिळते, घर गावाकडं असलं तर आशाताई लाल गोळ्या देऊन जातात, आणि मावशीनं प्रेमानं आणलेला प्रोटीन पावडरचा डबा असतोच. प्रत्येकानं चांगल्या मनानंच दिलेलं असतं. पण तिकडच्या चिठ्ठीत लोह, इथल्या चिठ्ठीत लोह, लाल गोळीत लोह आणि डब्यातपण थोडं लोह, आणि हे सगळं ती एकटीच खात असते, कुणीच बेरीज करत नाही. मी फार्मासिस्ट आहे, औषध दुकानाच्या काउंटरवर हे रोज बघते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. डोस ठरवायचं काम तुमच्या डॉक्टरांचंच, ते मी करणार नाही. ठरलेला डोस नीट पोटात कसा जाईल आणि डबल कसा होणार नाही, तेवढं मी सांगते.

पहिलं काम: सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा

खरंच मांडा. नुसतं आठवून लिहू नका, कारण आठवणीत गॅसचं जेल राहतं, इसबगोल राहतं, केसांसाठीच्या गमीज राहतात, वैद्यांकडची पुडी राहते. पिशवी उलटी करा, फ्रिजचं दार बघा, पर्स बघा. मग एका कागदावर पाच गोष्टी लिहा: नाव, आत काय आहे आणि किती, कुणी दिली, कधीपासून, दिवसातून किती वेळा. हा कागद फाईलच्या सगळ्यात वर लावा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

ब्रँडच्या नावावर जाऊ नका. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या रंगाच्या गोळ्या आतून एकच असू शकतात, आणि माहेरी आल्यावर डबल डोस होतो तो इथंच. पुण्याची कॅल्शियमची गोळी संपलेली नाही आणि कोल्हापूरची चालू झाली, दोन्ही चालू. म्हणून स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा, डोळ्याला त्रास होत असेल तर मोबाईलनं फोटो काढून मोठं करा.

वाचताना एक शब्द शोधायचा, ‘एलिमेंटल’. म्हणजे गोळीतल्या क्षारातून प्रत्यक्ष मिळणारं लोह किंवा कॅल्शियम. स्ट्रिपवर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी त्यातून कॅल्शियम मिळतं ५०० मिलिग्रॅमच. लोहाचंही तसंच, फेरस फ्युमरेटचा आकडा मोठा असतो पण त्यातलं लोह साधारण एक तृतीयांश. बेरीज करायची ती या खऱ्या आकड्यांची. जमत नसेल तर जवळच्या फार्मासिस्टला कागद दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे, कोण नाही म्हणणार नाही. आणि मग तो कागद इथल्या डॉक्टरांपुढं ठेवून सरळ विचारा, ‘यातलं काय चालू ठेवू आणि काय बंद करू?’

लोह: शेवटच्या टप्प्यात सगळ्यात महत्त्वाचं

बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने जे लोह वापरतं त्याचा बराचसा साठा ते या शेवटच्या तिमाहीतच आईकडून घेतं. दुसरीकडं डिलिव्हरीत रक्त जातं, आणि आधीच एचबी (हिमोग्लोबिन) कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही जड जातो. म्हणून आठव्या महिन्यात ‘आता काय, थोडेच दिवस राहिलेत’ म्हणून गोळी सोडू नका, उलट आता जास्त काटेकोर व्हा.

अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला, त्यात गरोदर बाईसाठीच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम एलिमेंटल लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस. ती फुकट मिळते म्हणून कमी दर्जाची समजणारी बरीच घरं आहेत, तसं अजिबात नाही. पण खासगी डॉक्टरांची लोहाची गोळी चालू असेल तर लाल गोळी वरून आपल्या मनानं घ्यायची नाही, आशाताईंना तसं सांगा आणि डॉक्टरांना विचारून दोन्हीपैकी एक ठेवा.

गरोदरपणात एचबी ११ च्या खाली गेलं की त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात, ७ च्या खाली गेलं की तो तीव्र, मग शेवटच्या तिमाहीत घरी थांबायचं नाही, दवाखान्यातच जायचं. मधल्या आकड्यांना डॉक्टर गोळ्या दोन करतात आणि महिन्यानं एचबी परत बघतात. ‘दोन’ हे त्यांनी म्हणायचं, आपण नाही. डिलिव्हरीला थोडेच आठवडे राहिले असतील किंवा गोळ्या पोटाला सोसतच नसतील तर शिरेतून लोह द्यायचा पर्याय आहे, तो दवाखान्यातच देतात, त्याला घाबरू नका. गोळ्या नीट घेऊनही एचबी हलत नसेल तर ‘अजून ताकदीची गोळी द्या’ म्हणत आमच्या दुकानात येऊ नका, डॉक्टरांना विचारा की थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा रक्तातला दोष), बी१२ ची कमतरता, जंत असं काही बघायला हवं का. थॅलेसेमिया मायनर असलेल्या बाईचं लोह पुरेसं असूनही एचबी कमी दिसतं, तिथं लोह ओतत राहून उपयोग नाही.

आणि एक गोष्ट बायका लाजून सांगत नाहीत. माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असं काही खावंसं वाटतंय का? हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. डोहाळे म्हणून सोडून देऊ नका, तपासणीच्या वेळी सांगा.

गोळी सोसत नाही, मग काय करायचं

शौचाला काळी होणं नॉर्मल आहे, लोहाच्या गोळीनं होतंच. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची शौच आणि सोबत पोटात दुखणं, चक्कर, किंवा लाल रक्त दिसलं तर ते गोळीवर ढकलू नका, लगेच दाखवा.

मळमळ होत असेल तर रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर तासाभरानं किंवा रात्री झोपायच्या आधी घेऊन बघा, फक्त घेतल्यावर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, नाहीतर जळजळते. एक भांडं पाण्याबरोबर घ्या. लिंबूपाणी, आवळा, पेरू यातलं काही सोबत असलं तर लोह चांगलं मुरतं. चहा-कॉफी मात्र आधी एक तास आणि नंतर एक तास नको, आणि दुधाबरोबर तर अजिबात नको, ‘गोळी गरम पडते म्हणून दुधातनं घे’ हा सल्ला घरोघरी आहे आणि तो गोळीचं काम निम्मं करून टाकतो. बद्धकोष्ठाला पाणी, भाज्या, चालणं, आणि डॉक्टरांनी दिलं तर इसबगोल, पण इसबगोल आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा. एवढं करूनही त्रास होत असेल तर गोळी गुपचूप कचऱ्यात टाकू नका (होतं असं, सासूबाईंना रिकामी स्ट्रिप दिसते आणि सगळे खूश, एचबी तिथंच), डॉक्टर दुसऱ्या क्षाराची गोळी बदलून देतात.

एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

कॅल्शियम आणि घड्याळ

बाळाची हाडं सगळ्यात वेगानं याच तिमाहीत भरतात. सरकारी पद्धतीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) डी३ असलेल्या दोन गोळ्या रोज देतात, चौथ्या महिन्यापासून, आणि बाळंतपणानंतर सहा महिने. दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, शरीर एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंतच नीट शोषून घेतं. कार्बोनेटवाली गोळी जेवणाबरोबर, सायट्रेटवाली कधीही चालते.

आता मुख्य अडचण: कॅल्शियम आणि लोह एकमेकांच्या आड येतात. दोघांत किमान दोन तास ठेवा. साधी मांडणी सांगते. नाष्ट्याबरोबर एक कॅल्शियम, दुपारच्या जेवणाबरोबर दुसरं, रात्री आठला जेवण आणि दहाच्या सुमारास लिंबूपाण्याबरोबर लोह. दूध प्यायचं तर संध्याकाळी, लोहाच्या आधी दोन तास संपवायचं.

थायरॉईडची गोळी चालू असेल तर मांडणी बदलते. ती सकाळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर, आणि तिच्यापासून लोह आणि कॅल्शियम दोन्ही चार तास लांब. म्हणजे सहाला थायरॉईड, नाष्ट्याला कॅल्शियम नाही, दुपारी एकला जेवणाबरोबर पहिलं, संध्याकाळी सहाला खाण्याबरोबर दुसरं, रात्री दहाला लोह. हे अंतर न पाळल्यामुळं टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीचा आकडा) वाढलेलं निघतं आणि मग थायरॉईडचा डोस उगाच वाढतो. गॅसचं जेल किंवा गोळी चालू असेल तर तेही लोहापासून दोन तास लांब. मोबाईलला अलार्म लावा आणि त्याला नुसतं ‘गोळी’ नाव न देता ‘लोह’, ‘कॅल्शियम’ असं नाव द्या.

चुना खायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, विड्यात किती चुना जातोय त्याला मापच नसतं आणि तोंड भाजतं ते वेगळं. पाया सूप आणि पांढरा रस्सा हाडांचा असतो म्हणून कॅल्शियमचा समजतात, त्यात फारसं कॅल्शियम उतरत नाही. नाचणीत खरंच आहे, १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून भाकरी, आंबील जरूर घ्या. दूधदुभतं तर आपल्याकडं भरपूर. फक्त एक कळकळीनं सांगते, गंगावेशीतलं धारोष्ण दूध ही कोल्हापूरची शान असली तरी पोटात बाळ असताना कच्चं दूध प्यायचं नाही, घरच्या म्हशीचंसुद्धा नाही. त्यातनं ब्रुसेला, लिस्टेरियासारखे जंतू येऊ शकतात आणि ते बाळाला धोक्याचे आहेत. उकळून प्या, कॅल्शियम उकळून कुठं जात नाही.

व्हिटॅमिन डी: चिठ्ठीवरचा ‘आठवड्यातून एकदा’ वाचा

६०,००० आययूची पुडी किंवा कॅप्सूल ही आठवड्यातनं एकदा घ्यायची असते, आणि चिठ्ठी नीट न वाचता ती रोज घेणारी माणसं असतात. हा साधा गोंधळ नाही. असं बरेच दिवस झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, सारखी तहान, सारखी लघवी, उलट्या, बद्धकोष्ठ, गुंगी असं चालू होतं, आणि किडनीवर ताण येतो. गरोदर बाईला हे सगळं ‘नववा महिना आहे, होणारच’ वाटतं, म्हणून लक्षात येत नाही. कॅलेंडरवर वार ठरवा, रविवार म्हणजे रविवार, आणि घेतली की खूण करा. किती आठवडे घ्यायची तेही विचारून लिहा, संपली म्हणून परस्पर परत आणू नका. आणि कॅल्शियमच्या गोळीत, मल्टिव्हिटॅमिनमध्ये, प्रोटीन पावडरमध्ये असं तिन्हीकडं डी असतं, तेही बेरजेत धरा. रोजच्या डोसासाठी ४००० आययू ही वरची मर्यादा मानतात, त्यापेक्षा जास्त फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

व्हिटॅमिन ए, कलेजी आणि माशाचं तेल

‘रक्त वाढतं, कलेजी खा’ हे आपल्याकडं मटणाच्या घरात हमखास. कलेजीत लोह आहे हे खरं, पण तिच्यात तयार व्हिटॅमिन ए म्हणजे रेटिनॉल प्रचंड असतं आणि ते शरीरात साठतं. गरोदरपणात जास्त रेटिनॉल बाळासाठी घातक, सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त, पण शेवटीही त्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसाला १०,००० आययूच्या वर जायचं नाही असं सांगितलंय. म्हणून कलेजी या काळात टाळा, नीट शिजवलेलं साधं मटण खा, तांबड्या रश्श्यातलं चालेल, तिखट बेतानं. कॉड लिव्हर ऑईलच्या कॅप्सूल बंद. मल्टिव्हिटॅमिनवर ‘रेटिनॉल’ किंवा ‘व्हिटॅमिन ए’ किती ते बघा. बीटा कॅरोटीन लिहिलेलं असेल तर ते वेगळं, गाजर, पपया, पालेभाजी यातून येणारं, त्याची अशी भीती नाही.

बी१२ आणि बाकीची मंडळी

शिरोळ, हातकणंगलेकडं जैन, लिंगायत शाकाहारी घरं भरपूर आहेत. बी१२ प्राण्यांपासून येणाऱ्या अन्नातच मिळतं, आणि दूध-दही कमी खाणाऱ्या शाकाहारी बाईला ते कमी पडायची शक्यता जास्त. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर अजून. फॉलिक अ‍ॅसिडचा मोठा डोस एकटाच चालू असला की बी१२ ची कमतरता रक्ताच्या साध्या रिपोर्टमध्ये झाकली जाते आणि नसांवर परिणाम होत राहतो. सुरुवातीला दिलेली ५ मिलिग्रॅमची फॉलिक गोळी अजून चालू असेल तर ‘हिची अजून गरज आहे का’ हे विचाराच. फिटचं औषध चालू असणाऱ्यांनी मात्र काहीही स्वतःहून बंद करायचं नाही.

व्हिटॅमिन सी आणि ई च्या वेगळ्या गोळ्या बीपी वाढू नये म्हणून घेऊ नका, जागतिक आरोग्य संघटना त्यासाठी त्या सुचवत नाही. आयोडिनसाठी आयोडिनयुक्त मीठ रोजच्या जेवणात असू दे. केसांसाठीच्या गमीजमधलं बायोटिन थायरॉईडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकवू शकतं, ते घेत असाल तर लॅबवाल्यांना आणि डॉक्टरांना दोघांना सांगा. प्रोटीन पावडर आणि गमीज यात साखर किती ते बघा, गरोदरपणातली शुगर निघाली असेल तर हे फार महत्त्वाचं. गुळाचंही तसंच, आपला गूळ नावाजलेला आहे, पण त्यातल्या लोहावर गोळीचं काम भागत नाही. भस्मं असलेली औषधं, कुणीतरी दिलेली बिननावाची पुडी, कळा याव्यात म्हणून एरंडेल, हे नको. अळीव बाळंतपणानंतर खायची आपली रीत आहे, ते तेव्हाच खा.

हे व्हिटॅमिन कमी असल्याचं नाही, लगेच दवाखान्यात जायचं

‘अशक्तपणा आलाय, ताकदीचं काहीतरी द्या’ म्हणून नवरा किंवा भाऊ दुकानात येतो, आणि विचारल्यावर कळतं की तिचं डोकं दोन दिवस ठणकतंय, डोळ्यापुढं अंधारी येतेय, तोंडावर सूज आहे. हे बीपीचं असू शकतं, कुठल्याच टॉनिकनं जात नाही आणि थांबायला वेळ नसतो. रात्री तळहात-तळपाय सहन होणार नाहीत इतके खाजत असतील तर क्रीम लावत बसू नका, लिव्हरची तपासणी लागते. एकाच पायाला सूज आणि दुखणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, बसल्या जागी धाप लागणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, यातल्या कशासाठीही सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, गरोदर बायकांसाठी १०२ पण आहे. कोल्हापुरातलं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) रात्रीही उघडं असतं.

तपासणी लांबली असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी असते, दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांसाठीच. गोळ्यांची पिशवी घेऊनच जा.

ठेवायचं कुठं

लाल गोळ्या गोड आवरणाच्या, दिसायला चॉकलेटच्या गोळीसारख्या. घरात लहान पोर असेल, भाच्या-पुतण्यांची ये-जा असेल तर उंचावर कुलपात ठेवा, उशाशी नको. लहान मुलानं मूठभर लोहाच्या गोळ्या खाणं जिवावर बेततं. कधीतरी उलटी होऊन मूल मध्येच बरं वाटल्यासारखं खेळायला लागतं, त्याला फसू नका, घरी उलटी करवत बसू नका, स्ट्रिप सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

पावसाळ्यात तारीख असेल आणि घर पंचगंगेकाठी, चिखली-आंबेवाडीकडं नाहीतर शिरोळ भागात असेल तर २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवा. जुलै लागायच्या आत पंधरा दिवस पुरतील एवढ्या गोळ्या, फाईल आणि रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एका जागी ठेवा, आणि दिवस भरत आले असतील तर पाणी वाढायची वाट न बघता आधीच उंचावरच्या नातेवाइकांकडं या. गोळ्यांना ओल लागली, रंग बदलला, आवरण फुटलं तर त्या टाकून द्या.

बाळ झाल्यावर

डिस्चार्जच्या कागदावर नवी यादी असते, तीच खरी धरा, जुन्या स्ट्रिप त्यात असतील तरच चालू ठेवा. लोह आणि कॅल्शियम सहसा सहा महिने चालू राहतं, आणि बाळाच्या गडबडीत सगळ्यात आधी सुटतं ते हेच. म्हणून गोळ्यांचं काम घरातल्या एका माणसाकडं द्या, नवऱ्याकडं दिलं तर उत्तम. बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात, ते रक्तस्रावापासून वाचवतं, नाही म्हणू नका. घरी बाळासाठी डी३ चे थेंब मिळतात, रोज ४०० आययू. पण बाजारात एका मिलीत ४०० वाली बाटली असते आणि ८०० वालीपण असते, त्यामुळं दुकानदारानं दुसरी बाटली दिली तर जुन्याच मापानं देऊ नका, बाटलीवरचा आकडा वाचा, तिच्यासोबत आलेलाच ड्रॉपर वापरा आणि किती मिली ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.